पाच वाजता पट मांडा: गुकेश–डिंग लढत मुलीला कशी दाखवावी

ताई, नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर पालकांनाही संदर्भ लागेल. मुलगी बारा वर्षांची, गडहिंग्लजला सातवीत, रेटिंग १४५०च्या आसपास. येत्या सोमवारी, २५ नोव्हेंबर २०२४ला, सिंगापुरात आव्हानवीर गुकेश आणि जगज्जेता डिंग लिरेन यांची जगज्जेतेपदाची चौदा डावांची लढत सुरू होतेय. सगळे म्हणतात, डिंग सध्या खेळतच नाही, गुकेश एकतर्फी मारणार. एप्रिलमध्ये टोरांटोचे, म्हणजे आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेचे, डाव तुम्ही दोघींनी रात्र रात्र जागून बघितले, पण तिला कळला तो फक्त पडद्याच्या कडेच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवरचा आकडा, म्हणजे कोण किती पुढे याचं इंजिननं (संगणकानं) काढलेलं उत्तर. मग आता चौदा डाव शाळा बुडवून दाखवावेत का, आणि दाखवले तर तिच्या खेळाला त्यातून काही मिळेल का?

राजारामपुरीत मी अठरा वर्षं मुलांना बुद्धिबळ शिकवतोय. गेला महिनाभर क्लासच्या दारात पालक हेच विचारतायत, पण पट्टीची गोष्ट तुमच्याइतकी स्पष्ट कुणी मांडली नव्हती. माझ्या मते खरी अडचण तीच आहे. कोण जिंकणार ते १२-१३ डिसेंबरपर्यंत कळेलच. तुमची मुलगी मात्र प्रश्न वाचायच्या आधी उत्तर वाचायला लागलीय. ही सवय राहिली तर चौदा काय, चाळीस डाव दाखवलेत तरी हाताला काही लागणार नाही. आणि ती मोडायला जगज्जेतेपदाच्या लढतीसारखी दुसरी संधी नाही.

आधी ते ‘एकतर्फी’ बघू. नोव्हेंबरच्या यादीत गुकेश २७८३, जगात पाचवा. डिंग २७२८, तेविसावा. फरक ५५ गुणांचा. ऐकायला मोठा वाटतो, पण रेटिंगच्या सूत्रात घातला की एका डावामागे गुकेशकडून साधारण ०.५८ गुणाची अपेक्षा निघते. चौदा डावांचे झाले आठाच्या थोडे वर. म्हणजे आठ-सहा. आता हे पटावर कसं दिसतं बघा: बारा डाव बरोबरीत सुटले (दोघांना अर्धा-अर्धा गुण) आणि दोनच गुकेशनं जिंकले, तरी आठ-सहा होतात. सगळा फरक दोन डावांचा. त्यातला एक जरी दमलेल्या हातून निसटला तरी लढत जवळजवळ समसमान झाली.

डिंगचा फॉर्म खराब आहे हे खरंच आहे, ते मी झाकणार नाही. जानेवारीनंतर क्लासिकलमध्ये, म्हणजे लांब वेळेच्या डावांत, त्यानं एकही डाव जिंकलेला नाही. सप्टेंबरमध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडला गुकेशनं पहिल्या पटावर दहा डावांत नऊ गुण काढले, आणि त्याच स्पर्धेत डिंगला एकही विजय मिळाला नाही. जगज्जेता झाल्यावर आपण नैराश्याशी झगडलो, हे त्यानं स्वतः सांगितलंय. या लढतीत आपण वाईट रीतीनं हरू अशी भीती वाटते, हेही तो मुलाखतीत बोलून गेलाय. एवढ्या पदावरच्या माणसानं हे उघड बोलायला फार मोठं धैर्य लागतं. त्यावरून घरात किंवा क्लासमध्ये टिंगल चालली असेल तर ताई, ती तेवढी थांबवा. माझ्या मुलांनाही मी हे कडक शब्दांत सांगितलंय.

आणि हाच डिंग गेल्या वर्षी अस्तानात काय करून बसला ते मुलीला जरूर सांगा. नेपोम्नियाशीविरुद्ध चौदा डाव होते. दुसरा हरला, चौथा जिंकला. पाचवा हरला, सहावा जिंकला. सातव्यात हातात चांगला डाव असताना घड्याळाची शेवटची मिनिटं उरली आणि तो चाल न करता थिजून बसला. तो डाव गेला. बाराव्यात पुन्हा बरोबरी साधली. तीनदा मागे पडून तीनदा उठलेला माणूस आहे तो. लढत ७-७ अशी राहिली आणि जलद डावांवर गेली.

तो ३० एप्रिलचा रविवार माझ्या डोळ्यांसमोर आहे. क्लासमध्ये वीसेक मुलं, उन्हाळा, पंखा आवाज करतोय, पडद्यावर चौथा जलद डाव. डिंगकडे काळी मोहरी, घड्याळात दोन मिनिटंसुद्धा नाहीत. नेपोम्नियाशीचा वजीर शहावर शह देतोय. चाली परत परत केल्या की बरोबरी, सगळ्यांना तेच दिसत होतं. मागच्या बाकावरचा एकजण ओरडला, “सर, बरोबरी करायलाय बघा!” आणि डिंगनं ४६व्या चालीला हत्ती मध्ये आणून घातला, जी६ वर. स्वतःचाच हत्ती स्वतःच्या राजासमोर पिनमध्ये, म्हणजे राजाला शह बसेल म्हणून बाजूला होऊ न शकणारा. वर्ग गप्प. मग तोच मुलगा हळू आवाजात म्हणाला, “सर, असं कोण करतंय ओ?” बरोबरी पदरात पाडून पुढच्या डावाला जायचं सोडून तो जिंकायला खेळला, आणि जिंकला. त्या दिवसापासून डिंगला संपला म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग माझा अंदाज? गुकेशचं पारडं जड आहे, आणि तो जिंकावा असं मला मनापासून वाटतं. १८ वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला तर कास्पारोव्हचा १९८५ सालचा, बाविसाव्या वर्षीचा विक्रम मोडेल. पण हे बरंचसं पहिल्या चार डावांवर अवलंबून आहे. डिंग त्यात एक जरी डाव जिंकला, तर वर्षभराचं ओझं उतरून वेगळाच माणूस आपल्यासमोर बसलेला दिसेल. उलट सुरुवातीलाच तो दोन हरला, तर सावरणं कठीण. चौदा डावांच्या लढतीचा अनुभव त्याला आहे, गुकेशला नाही. हे एवढं मोकळं आहे म्हणूनच बघण्यासारखं आहे.

कुणीतरी तुम्हाला दोघांच्यातलं जुनं खातंही सांगेल. क्लासिकलमध्ये ते तीनदा भेटलेत, दोनदा डिंग जिंकला, एक डाव बरोबरीत सुटला, गुकेशचा विजय शून्य. त्याला फार भाव देऊ नका. १९२७ साली ब्युनोस आयर्सला कापाब्लांका आणि अलेखिन भिडले, तेव्हा अलेखिननं त्याला आधी एकदाही हरवलेलं नव्हतं आणि पाच डाव गमावले होते. चौतीस डाव चालले. अलेखिन सहा जिंकला, कापाब्लांका तीन. जगज्जेता बदलला.

असं का होतं? स्पर्धेत रोज समोर वेगळा माणूस असतो, लढतीत तोच एक. तीन आठवडे. आपल्या कोल्हापूरकरांना हे समजावणं सोपं जातं. खासबागच्या मैदानात दोन तोलामोलाचे मल्ल भिडले की पहिली बरीच मिनिटं खडाखडी चालते. हाताला हात, मानेवर हात, मागे-पुढे. नवखा माणूस म्हणतो, लावत का नाही? जाणकार त्या वेळी पायांकडे बघत असतो. कोण कुठं भार टाकतोय, कुणाचा दम आधी चढतोय, हे त्यातच कळतं. चौदा डावांच्या लढतीतले पहिले डाव बरेचदा असेच असतात.

याचं सगळ्यात देखणं उदाहरण म्हणजे २००८ची बॉनची लढत, आनंद विरुद्ध क्रामनिक. आनंद आयुष्यभर राजाचं प्यादं पुढे टाकून डाव सुरू करणारा. क्रामनिकनं तयारी त्याचीच केली असणार. आणि आनंद आला तो वजिराचं प्यादं ढकलत. एवढ्यावर थांबला नाही. तिसऱ्या डावात काळी मोहरी घेऊन त्यानं सेमी-स्लाव्ह नावाच्या ओपनिंगमधली (डावाच्या सुरुवातीच्या पद्धतीतली) एक तुफान धारदार चाल-मालिका काढली आणि जिंकला. तीन दिवसांनी पाचव्या डावात क्रामनिक पुन्हा त्याच रस्त्यानं आला, याच्या तयारीत कुठं भोक आहे ते बघायला. भोक नव्हतं. आनंद पुन्हा काळ्यानंच जिंकला. सहावाही त्यानंच मारला आणि लढत तिथंच जवळपास संपली. सुटा डाव बघणाऱ्याला यातलं फार तर तिसऱ्या डावाचं सौंदर्य कळेल. तिसरा आणि पाचवा जोडून बघितले तरच दोन माणसांमधला तो संवाद ऐकू येतो. म्हणून तुमच्या ‘चौदाही बघायचे का’ या प्रश्नाला माझं उत्तर असं: चौदाही डावांशी तिची ओळख हवी, पण चौदाही डाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायची गरज नाही.

बरोबरीबद्दल तुम्ही ‘काहीच घडत नाही’ असं लिहिलंय. आपल्याला निकाली कुस्तीची सवय, त्यामुळे बरोबरी म्हणजे दोघांनी अंग चोरलं असं वाटतं. १९८४ साली कास्पारोव्ह कार्पोव्हविरुद्ध नऊ डावांत ०-४ असा मागे होता. आधी सहा डाव जिंकेल तो जगज्जेता, असा नियम. म्हणजे आणखी दोन पराभव आणि खेळ खलास. त्यानंतर त्यानं ओळीनं सतरा डाव बरोबरीत सोडवले. त्या सतरा डावांत तो कार्पोव्हकडूनच खेळ शिकत होता. मग कार्पोव्हनं पाचवा जिंकला, तरी सहावा त्याला मिळालाच नाही. ४८ डाव झाल्यावर लढत थांबवली गेली, आणि पुढच्या वर्षी नव्यानं झालेली लढत कास्पारोव्हनं जिंकली. सिंगापुरात तर काळ्याची ४०वी चाल होईपर्यंत परस्पर संमतीनं बरोबरी घेताच येणार नाही, असा नियमच आहे. त्यामुळे हात मिळवून पंधरा चालींत उठणं नाही. बरोबरी झाली तर मुलीला एकच प्रश्न विचारा: यातला कोण आज घरी जाताना जास्त खूश असेल? याचं उत्तर शोधताना तिला डाव परत खेळावा लागेल.

आता घड्याळ. तिच्यासाठी सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रत्येकाला पहिल्या ४० चालींसाठी दोन तास. या ४० चालींपर्यंत चालीमागे वाढीव सेकंद मिळत नाहीत. ४१व्या चालीपासून तीस मिनिटं जादा आणि चालीमागे तीस सेकंद. वाढीव सेकंद नसणं म्हणजे काय, हे गुकेशला चांगलंच माहीत आहे. टोरांटोलाही हीच पद्धत होती, आणि सातव्या फेरीत फिरोझाविरुद्धचा डाव त्यानं वेळेच्या ओढाताणीतच घालवला. त्या पराभवानंतर आपल्यात नवं बळ आलं असं तो नंतर म्हणाला, आणि स्पर्धा त्यानंच जिंकली.

तेव्हा मुलीला पट्टीऐवजी घड्याळ वाचायला शिकवा. एखाद्यानं पहिल्या पंधरा चाली पाच मिनिटांत केल्या तर ती घरची तयारी आहे. सोळाव्या चालीला तोच माणूस पंचवीस मिनिटं बसला तर समोरच्यानं काहीतरी अनपेक्षित केलंय. त्या चालीवर थांबायचं. काय अनपेक्षित होतं? तो कशाला घाबरला? एका डावात अशा दोन-तीनच जागा असतात. चार तासांचा डाव या तीन जागांवर बघता येतो.

शाळेचं उत्तरही यातूनच निघतं. डाव आपल्या वेळेनं दुपारी अडीचला सुरू होतील. टोरांटोसारखं रात्री बाराचं जागरण नाही. दोघांचे मिळून चार तास धरले तर ४०वी चाल उशिरात उशिरा साडेसहापर्यंत होते. तिची शाळा पाचला सुटत असेल तर ती सव्वापाचला घरी येईल, नेमकी तेव्हाच घड्याळाची खरी लढाई सुरू झालेली असेल. सुरुवातीच्या तयारीचे, चहा-पाण्याचे तास शाळेत गेले तर काहीही बिघडत नाही. एकही दिवस बुडवू नका. पूर्ण डाव बघायचाच असेल तर सहावा १ डिसेंबरला आणि अकरावा ८ डिसेंबरला आहे, दोन्ही रविवार. दर तीन डावांनंतर एक दिवस विश्रांती आहे, २८ तारीख पहिली. त्या दिवशी झालेले तिन्ही डाव पटावर एका बैठकीत खेळून काढायचे. परीक्षा जवळ असेल, ती दमून येत असेल, तर रोजची पाऊण तासापेक्षा जास्त सक्ती करू नका. हे तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहे, ते मी कोल्हापुरात बसून ठरवू शकत नाही.

आणि ती पट्टी. इथं माझ्या हातून झालेली चूक सांगतो. २०२१ची दुबईची कार्लसन–नेपोम्नियाशी लढत मी क्लासमध्ये पट्टी चालू ठेवून दाखवली होती. मला वाटलं, मुलांना निदान कोण पुढे आहे ते तरी कळेल. दोन-तीन दिवसांत मुलं जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंना हसायला लागली. “एवढं पण दिसलं नाही त्याला?” त्याच मुलांना पट्टी झाकून तीच स्थिती पटावर मांडून दिली, तर वीस मिनिटांत एकालाही ती चाल सापडली नाही. चूक त्यांची नव्हती, ती सवय मी लावली होती. तेव्हापासून माझ्याकडे डाव चालू असताना पट्टी बंद.

पट्टी काय लपवते ते २०१४च्या सोचीच्या सहाव्या डावात बघायला मिळतं. कार्लसननं २६व्या चालीला राजा डी२ वर ठेवला. ती घोडचूक होती. आनंदचा घोडा ई५ वरचं प्यादं मारून डाव फिरवू शकत होता. जगभर पट्टी बघणाऱ्या प्रत्येकाला त्या क्षणी ते कळलं. आनंदनं मिनिटभरात ए-स्तंभातलं प्यादं ए४ वर ढकललं. संधी गेली, पुढे डावही गेला. समोरचा कार्लसन आहे, तो असली चूक करणारच नाही, हे मनात पक्कं बसलं की डोळ्यांसमोरचं दिसत नाही. तुमच्या मुलीलाही तालुक्याच्या स्पर्धेत १८०० रेटिंगवाल्यासमोर असंच होत असणार, विचारून बघा. ही स्थिती तिला पट्टीशिवाय मांडून द्या आणि काळ्याकडून खेळायला सांगा. पण ‘इथं काहीतरी आहे’ असं आधी सांगू नका, कारण आनंदलाही ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

गुकेशचं स्वतःचं उदाहरण तर समोरच आहे. त्याचे तेव्हाचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला सुरुवातीची कित्येक वर्षं इंजिनला हात लावू दिला नाही. २५००च्या घरात रेटिंग जाईपर्यंत त्याचं काम डोक्यानं आणि पटावर चालत होतं. लांबच लांब गणित न थकता करायची त्याची ताकद माझ्या मते त्यातूनच आलीय. इंजिन वाईट आहे असं मी म्हणत नाही. डाव संपल्यावर, आपला अंदाज लिहून झाल्यावर ते जरूर उघडावं. वाद आहे तो फक्त क्रमाचा.

आमच्याकडे कसबा बावड्याहून एक मुलगी येते, तुमच्या मुलीच्याच वयाची. टोरांटोच्या वेळी रात्रीचे डाव तिला बघता यायचे नाहीत, म्हणून सकाळी शाळेआधी ती चाली एकेक करून पटावर खेळायची. दोनशे पानी वही, पानावर चार रकाने आखलेले: चालीचा नंबर, घड्याळात उरलेली मिनिटं, माझी चाल, का. चौथ्या रकान्यात सुरुवातीला ‘चांगली वाटते’ एवढंच असायचं. महिनाअखेरीस एका पानावर मी वाचलं: ‘त्याचा उंट बाहेर यायला जागा नाही म्हणून मी इ-प्यादं पुढे टाकणार नाही.’ तिची चाल चुकीचीच होती, इंजिननं ती खोडली. पण त्या ओळीनंतर तिच्या स्वतःच्या डावांमध्ये उगाच प्यादी ढकलणं थांबलं. तुम्ही विचारलंत ना, खेळाला काय मिळेल म्हणून? मला ठाऊक असलेलं मिळणं हे असं आहे. रेटिंग डिसेंबरात वाढेल असं मी म्हणणार नाही.

ओपनिंगबद्दल एक सावधगिरी. गुकेश किंवा डिंग जे खेळतील ते लगेच तिच्या पुढच्या स्पर्धेत उतरवू देऊ नका. त्या चालींमागे टीमनं केलेली महिनोन् महिन्यांची तयारी असते, आणि समोरचा १४००वाला चौथ्याच चालीला वेगळं काहीतरी खेळला की तिच्या हाती काही उरत नाही.

शनिवारी, २३ला, आपल्याकडे विधानसभेची मतमोजणी आणि सिंगापुरात उद्घाटन. तिथंच पांढरी मोहरी आधी कुणाला ते ठरेल. इथला गुलाल रविवारपर्यंत खाली बसेल. सोमवारी सव्वापाचला तिला पट मांडून द्या. रेक्झिनचा गुंडाळी पट चालेल, पण मोबाइलवरचा नको, मोहरी हातानं उचलायची. फोन तुमच्याकडे ठेवा आणि तोवर झालेल्या चाली तुम्ही एकेक करून वाचून दाखवा, शेवटी घड्याळात दोघांची किती मिनिटं उरलीत तेवढं सांगा. तुम्हाला खेळ येत नाही असं लिहिलंय, उलट ते बरंच आहे. तिला तुम्हाला समजावून सांगावं लागेल.